दुसऱ्या खुर्चीवरचं कापड

"आधी पांढरं कापड घाल, मग पाणी विचार. दारी आलेल्याला उघड्या लाकडावर बसवायचं नाही, पोरी."

सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली, तरी पाहुणे येणार म्हटलं की रन मेणिकेच्या कानात हाच आवाज यायचा. त्या दिवशीही आला. पहाटे दिवा लावून, बुद्धापुढे कुमुदाची फुलं ठेवून तिनं पंचशील म्हटलं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ती नेहमी जरा सावकाश म्हणत असे. उठता उठता तिला खुर्च्यांची आठवण झाली. आज एजंटसाहेब आणि इंजिनियरसाहेब, दोघंही तिच्या अंगणात येणार होते.

दोघांनी एका ठिकाणी येणं ही साधी गोष्ट नव्हती. एजंटसाहेब म्हणजे अनुराधपुरच्या इंग्रजी कचेरीचे धनी, साऱ्या मुलखाचा कारभार त्यांच्या हातात. इंजिनियरसाहेब पाटबंधारे खात्याचे, वयानं लहान, कोलंबोहून नुकते आलेले. गावचा तलाव दुरुस्त होऊन बांधातल्या, शेताला पाणी सोडायच्या मोरीला नवं लोखंडी दार बसलं, आणि पाण्यावर हुकूम कुणाचा यावरून दोघांत जुंपली ती जुंपलीच. एजंटसाहेब म्हणाले पाणी सोडा, तर इंजिनियरसाहेब म्हणाले मोरीचा चुना अजून ओला आहे. चुना सुकला, इंजिनियरसाहेब म्हणाले सोडा, तर एजंटसाहेबांना बांधावरची झुडपं आठवली. शेवटी विश्वासच उरला नाही म्हणून दाराला दोन कुलपं लागली. एजंटसाहेबांच्या कुलपाची किल्ली गावच्या पाटकऱ्याकडे, म्हणजे रन मेणिकेच्या नवऱ्याकडे, तिकिरी बंडाकडे. दुसरी इंजिनियरसाहेबांच्या मुकादमाकडे, सवरिमुत्तूकडे. आपापल्या साहेबाच्या हुकुमाशिवाय कुणी किल्ली फिरवायची नाही.

तलाव काठोकाठ भरलेला, आणि बांधाखाली कोवळं भात पिवळं पडत चाललेलं. विहाराच्या पायरीवर बसणारे म्हातारे म्हणत, दोन नवऱ्यांच्या बायकोला दोघांतला एक तरी जेवू घालतो, आपल्या तलावाला दोन धनी आणि शेत उपाशी. सगळे हसत. मग त्यांची नजर शेताकडे जाई.

ऊन वर आलं तेव्हा गावचा परीट हेनेमामा धुतलेली कापडं डोक्यावर घेऊन आला. मानाचं कापड घालण्याचा हक्क त्याच्या घराण्याचा. तिकिरी बंडा बांधावर गेला होता.

"किती खुर्च्या झाकू, मेणिके?" त्यानं विचारलं.

"दोन्ही."

तो घुटमळला. मानाची खुर्ची एकच असते, तो हळूच म्हणाला, दुसरी नुसती पुसून ठेवली तरी चालतं.

"मामा, दोघंही आपल्या दारी येतायत. एकाला झाकलेली आणि एकाला उघडी, असं कसं करू?"

"मी आपला कापड घालणारा. कुणाखाली घालायचं ते तुम्ही सांगायचं," असं म्हणून त्यानं दोन्ही खुर्च्या झाकल्या, पण जाताना एकदा मागं वळून पाहिलं. ते पाहणं रन मेणिकेच्या मनात काट्यासारखं राहिलं. नवऱ्याला विचारावं असं तिला वाटलं. तो बांधावरून परतला तोवर एजंटसाहेबांची बैलगाडी वळणावर दिसत होती.

एजंटसाहेबांचे केस या बेटावरच पांढरे झालेले. इथली भाषा ते बोलत, आणि कापड कुणाखाली घालतात हे त्यांना गावकऱ्यांइतकंच कळत होतं. मांडवाखाली दोन खुर्च्या शेजारी शेजारी, सारख्या उंचीच्या, सारख्याच पांढऱ्या. ते मांडवाशी थबकले, दोन्हींकडे पाहिलं आणि बसले नाहीत. तेवढ्यात इंजिनियरसाहेब घोड्यावरून उतरले. वरचा अधिकारी उभा, म्हणून तेही उभे राहिले. अशा रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन साहेब टळटळीत उन्हात उभे, आणि तबकातली शहाळी तापत चाललेली. दोघांची भाषा एकच, इंग्रजी, पण प्रत्येक जण मधे उभ्या असलेल्या कचेरीच्या कारकुनाशी बोलत होता, आणि तो बिचारा एकाचं वाक्य जरा मऊ करून दुसऱ्याला देत होता. रन मेणिका स्वयंपाकघराच्या दाराआड होती. पदर मुठीत धरून ती फटीतून पाहत होती.

मग एजंटसाहेबांनी थेट गावच्या बोलीत विचारलं, "ही दुसरी खुर्ची कुणी झाकायला लावली?"

ती दाराबाहेर यायला पाऊल उचलणार, तोच तिकिरी बंडा म्हणाला, "मीच, साहेब."

"आणि तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, साहेब."

एजंटसाहेबांनी इंजिनियरसाहेबांकडे एक नजर टाकली. त्यांना काय वाटलं ते आंधळ्यालाही कळलं असतं. पाण्याचं बोलणं तिथंच संपलं. सोमवारी किल्ली घेऊन कचेरीत हजर हो, आपण दुसरा पाटकरी बघू, एवढं सांगून ते गाडीत बसले.

दुपारी नाचणीची भाकरी ताटात तशीच राहिली. नवरा सुपारी कातरत बसला होता, पण ती तोंडात टाकत नव्हता. पाटकरीपण त्याच्या आजापासून घरात होतं.

"खोटं का बोललात?" तिनं विचारलं.

"तुझं नाव घेतलं असतं तर तुला कचेरीत उभं केलं असतं." मग तो ओढूनताणून हसला. "तुझ्या व्रतांचं पुण्य आयुष्यभर फुकट खातोय. एखादं पाप माझं स्वतःचं असू दे की."

तिला हसू आलं नाही. दिवेलागणीला सवरिमुत्तू आला. पान हातात घेतलं तरी त्याचं बोलणं थांबेना. सांगत होता, घोड्यावर बसताना साहेबांनी विचारलं, ते पांढरं कापड कशाला होतं. मी अर्थ सांगितला. या मुलखात आल्यापासून एजंटसाहेबांच्या बरोबरीनं मान देणारं घर त्यांना पहिल्यांदाच भेटलं.

"खूश होऊन म्हणाले, सोड पाणी. अम्मा, माझं कुलूप मी आत्ताच काढून आलो."

तिकिरी बंडाच्या हातातला अडकित्ता थांबला. रन मेणिकेला आधी आनंद झाला, आणि लगेच पुढचं ध्यानात आलं. एजंटसाहेबांना वाटत होतं की इंजिनियरसाहेबांनीच गावाला फूस देऊन तो मान घडवून आणला. आता खुर्ची झाकल्याच्या संध्याकाळीच इंजिनियरसाहेबांचं कुलूप निघालं म्हटल्यावर तो संशय दगडासारखा पक्का होणार. मग दुसरं कुलूप कुणाच्या बापाच्यानं निघणार नाही.

"किल्ली सोमवारपर्यंत तुमच्याकडेच आहे ना, राळहामी?" सवरिमुत्तू तिकिरी बंडाला मानाची हाक देत, जमिनीकडे बघत म्हणाला.

"आहे," तिकिरी बंडा म्हणाला. "हुकूम नाही." हुकुमावाचून किल्ली फिरवली तर कैद, हे तिघांनाही ठाऊक होतं. वाऱ्यावर सुकत्या शेताचा वास येत होता, तोही तिघांना येत होता.

ती रात्र तिनं कूस बदलत काढली. सासूबाईंवर रागवावं तर त्यांनी घराची रीत सांगितली होती, कचेरीची नव्हे. हेनेमामाला दोनदा विचारलं असतं तर? पण ते कापड तिनं कुणाच्या सांगण्यावरून घातलं नव्हतं. त्यात ना एजंटसाहेबांचा अपमान होता ना इंजिनियरसाहेबांचा डाव. दारी आलेल्यासाठी घातलं होतं, इतकंच. आणि एवढंच एजंटसाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं पुन्हा सांगितलं तर ते त्याला खोटारडा म्हणतील, आणि एका अर्थानं ते खरंही असेल.

पहाटे दिव्यापुढे ती चौथ्या शीलापाशी येऊन अडली. शब्द फुटेनात. आपल्यासाठी दुसऱ्यानं बोललेलं खोटं तसंच राहू देऊन हे कसं म्हणायचं? बऱ्याच वेळानं ती हात जोडून हळू आवाजात म्हणाली, मी स्वतः जाऊन सांगेन. मग शील पुरं केलं.

कचेरी तिनं कधी आतून पाहिली नव्हती. तिथं बायका जात त्या रडत बाहेर येत, एवढं ऐकून होती. नवऱ्याला ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं नको म्हटलं असतं, आणि नवऱ्याचं नको मोडायची तिला सवय नव्हती.

सोमवारी उजाडायच्या बेतात तिकिरी बंडानं किल्ली पानाच्या पिशवीत घातली आणि बांधाची वाट धरली. तिनं विड्याच्या पानांची जुडी बांधून घेतली, देठ आपल्याकडे आणि टोकं समोर, मोठ्या माणसापुढे धरतात तशी. दिवा शांत केला, दाराला कडी घातली, छत्रीसारखं ताडाचं पान डोक्यावर धरलं आणि निघाली.

मोरीपाशी तो क्षणभर थांबला होता. लोखंडी दारावर एकच कुलूप लोंबत होतं. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मागं पाहिलं, तिच्या हातातली पानं पाहिली. तिला वाटलं, आता तो परत फीर म्हणेल.

तो वळला. पुढं चालू लागला, पण आता जरा सावकाश, आणि ती त्याच्या मागोमाग कचेरीच्या वाटेला लागली.