कृत्तिकांचा मिस कॉल

"म्हातारीले पहाटचं काम नका लावू, पुनमबाई. तिकडं वाघीण बच्चे घेऊन फिरून राह्यली," असं वनरक्षक लटारू बोलला होता आणि पुनमनं ते हसण्यावारी नेलं होतं. आज ती लेकीला, आचलला कडेवर घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर उभी होती. ओल्या मातीत पंजे उमटले होते. त्यांच्यावरूनच त्या म्हातारीच्या, बायनाबाईच्या चपलांचे ठसे गावाकडे परत गेले होते.

तिनं तिथूनच घनश्याम सरांना फोन लावला.

डॉ. घनश्याम मूळचे वडशाचे. अर्धं आयुष्य मोठमोठ्या दुर्बिणींवर काढून ते प्राचीन खगोलशास्त्राकडे वळले. जुन्या ग्रंथांतली नक्षत्रं साध्या डोळ्यांना नेमकी केव्हा दिसतात, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. बी.एस्सी. झालेल्या पुनमनंच त्यांना बायनाबाईकडे नेलं. ही मासे धरणाऱ्या ढिवरांची एकटी म्हातारी. उन्हाळ्यात हरवलेला कृत्तिकांचा घोस पहाटे पुन्हा उगवला, की मासोळी अंड्यावर आली म्हणून तिच्या घरचे जाळं आवरत. सरांनी तिला फोन घेऊन दिला. घोस दिसला की त्यांनी कामापुरत्या घेतलेल्या नंबरवर मिस कॉल द्यायचा, वेळ आपोआप नोंदली जाई. कोणी उचलायची वाट पाहायची नाही.

पुढे सरांचं पुस्तक झालं, सत्कार झाले. म्हातारी मात्र दर उन्हाळ्यात अजून अंधारातच पाळीवर जात होती. मिस कॉल कोणी उचलत नाही, याचं तिला काय नवल वाटणार?

"अगं, ते काम तर केव्हाच संपलं," सर म्हणाले. "अजून जातात त्या? कमाल आहे."

पुनमच्या कानशिलाची शीर उडायला लागली. आचल वेणी ओढत होती, तेही तिला कळलं नाही.

"माझं ऐकत नाही ती. सायबानं सांगतलं तर घरी बसीन म्हणते. तुम्ही सांगा, सर. आजच. काम संपलं, एवढंच."

"सांगतो. नक्की."

संध्याकाळी ती बायनाबाईच्या अंगणात गेली. म्हातारी पदरानं फोन पुसत बसली होती.

"केला होता का सायबानं फोन?"

"केला ना. म्हणे, आजी, तुमच्यावाणी नजर कोणाची नाई. तुमच्याच भरवशावर सारं चाललं, पाहत राहा म्हणे." म्हातारी डोळे बारीक करून हसली. "अन् तू संपलं संपलं करत होतीस. जळतेस काऊन वं पोरी?"

पुनमनं कुंपणाबाहेर येऊन पुन्हा सरांचा नंबर लावला.

"इतक्या आनंदानं बोलत होत्या," सर म्हणाले. "मन मोडवेना गं."

"ते वाघिणीला सांगा," म्हणून तिनं फोन कापला.

त्या रात्री तिनं बायनाबाईचं दार बाहेरून कडी लावून बंद करायचाही विचार केला. पण म्हातारीला कोंडायचं कसं? आणि झोपलेलं लेकरू टाकून रोज तिच्यामागं जायचं तरी कसं? लटारू एकटा, त्याच्याकडे सारं जंगल.

म्हणून पुनमचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. नागभीडच्या रस्त्यानं पहाटे कोणी जात असाल, तर तलावाशी गाडी थांबवा. पाळीवर एक म्हातारी वर बघत उभी असेल. बायनाबाई म्हणून हाक मारा. ओ देते का, तेवढं बघा.