थोरलीचं शून्य

आठ आठवडे सायकल मारून थोरल्या जाऊबाईंचा दम शून्य टक्क्यांनी वाढला. हे त्यांच्या घरी मात्र बोलायचं नाही, कारण तिथे सगळ्यांनी हे घडलंच नाही असं ठरवलंय.

दोघी जावा हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धूत. कामगारांचा दम वाढावा म्हणून हॉस्पिटलने नेमलेला प्रशिक्षक आठवड्यातून तीनदा त्यांना जागच्या सायकलवर बसवी: एक मिनिट जीव खाऊन, एक मिनिट निवांत. धाकटीचा दम वीस टक्क्यांनी वाढला. थोरलीच्या नावापुढे त्याने शेरा मारला, ‘टाळाटाळ केली’.

थोरली थेट त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. “कोणी केली टाळाटाळ?”

“मावशी, थोडी सूट घेतली असेल मध्येमध्ये.”

“सूट?” धाकटी मागून कडाडली. “जाऊबाईंनी सायकलचा पट्टा दोनदा तोडलाय! मी तर पायसुद्धा हळू मारायचे.”

“मग वाढ कशी नाही?”

“एका आईची लेकरं सारखी नसतात, आम्ही तर दोन घरच्या,” थोरली म्हणाली.

प्रशिक्षक ओशाळला. “असतं तसं. काही शरीरं दादच देत नाहीत.”

“मग तसं लिहा की! शरीर अडून बसलंय, मी नाही.”

“फॉर्मात तसा रकाना नाही.”

थोरलीने त्याच्याच पेनाने त्याच्याच कागदावर अर्ज लिहिला: ‘सदर शेरा तात्काळ खोडावा. ते शक्य नसल्यास, चोवीस दिवस गाळलेला घाम अर्जदारास मूळ तापमानात, मोजून परत मिळावा, ही विनंती.’