सगळ्यांच्या खाली रेघ

मी एक जुनी कमांड आहे. नाव इंग्रजी दोनच अक्षरांचं, यूएल. संगणकाच्या काळ्या पडद्यावर ते टाइप केलं की मी धावत येते, खूण केलेल्या शब्दांखाली रेघ ओढते आणि निघून जाते. मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही. मला रक्तही नाही, पण अस्वस्थपणा भरपूर आहे.

पूर्वी छपाईची यंत्रं अक्षर उमटवून मागे सरकत आणि त्याखाली रेघ मारत. पडद्यांना ते जमेना, म्हणून मला घडवलं. पुढे लोक मला विसरले. मग कोपरीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आनंदराव भेटले. बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी जिन्याखालचा जुना संगणक लॉबीतल्या पडद्याला जोडला आणि सूचना लावल्या. पहिली रेघ मी 'लिफ्ट बंद आहे' याखाली ओढली. सगळे मुकाट जिना चढले. केवढं कौतुक झालं माझं!

तिथेच बिघडलं.

"काका, माझ्या योगा क्लासला रेघ नाही?" दुसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राने विचारलं. "आम्ही काय भाडेकरू आहोत?"

आनंदरावांना नाही म्हणता येत नसे, त्यातून निवडणूक जवळ आलेली. योगाला रेघ मिळाली. मग उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरीला, मग तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नदीपच्या हरवलेल्या चपलेला. डाव्या. मी दिवसभर धापा टाकत रेघा ओढत होते.

एके सकाळी सूचना आली : टाकीत औषध टाकलं आहे, दुपारपर्यंत नळाचं पाणी पिऊ नये. मी रेघ ओढली. चपलेला ओढली होती, तशीच. चौथ्या मजल्यावरची मेघना लिफ्टची वाट पाहत वाचू लागली. योगा, मोदक, चप्पल... तेवढ्यात लिफ्ट आली. पाण्याची ओळ खाली राहिली. माझा जीव नुसता तडफडला. पण मित्रांनो, मला रेघ ओढता येते, हाक मारता येत नाही.

तिचे सासरे आबा नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते. गोळीबरोबर त्यांनी घोट घेतला. "अगं, हे पाणी आहे की पोहण्याचा तलाव?" एवढं म्हणून त्यांना उलटी झाली. डॉक्टर आले. संध्याकाळी आबा सावरले, तेव्हा मेघना खाली उतरली.

"आनंदकाका, बोर्डावर लिहायचं नाही का?"

"लिहिलं होतं की! खाली रेघसुद्धा होती."

"कुणाच्या खाली नव्हती, काका?"

आनंदराव संगणकासमोर बसले आणि एकेक खूण पुसू लागले. क्षिप्रा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मला तर कामच उरलं नाही. मी नुसती तळमळत पडून.

टाकीत पुन्हा औषध टाकलं, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. साऱ्या पडद्यावर एकच रेघ. मेघना वाचत होती. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, रिकामी वर गेली. ती वाचतच होती.

म्हणून मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल, तर मला बसवून ठेवा. मी चुळबुळेन, कुरकुरेन. लक्ष देऊ नका.