टेबलावर गेलेली सोलापुरी चादर

मी एक सोलापुरी चादर बोलतेय. सध्याचा मुक्काम ऑकलंडच्या दक्षिणेला, टाकानिनीतल्या एका नव्या घरात, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. पुढे टॉवेल, त्यांच्या मागे मी. इथे ऊब भरपूर आहे. पण चादरीने स्वतःच ऊब खात पडून राहावं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

माझा जन्म मागावरचा. कानठळ्या बसतील अशा खडखडाटात मला घट्ट विणलं. एका बाजूने मरून रंगावर पांढरी नक्षी, दुसऱ्या बाजूने पांढऱ्यावर मरून. विणणाऱ्याने घडी घालताना माझ्यावरून हात फिरवला आणि टिकेल म्हणाला. तेव्हापासून मी जरा गर्विष्ठच आहे.

मला विकत घेतलं पुण्याच्या शकुताईंनी. त्यांची लेक श्यामला लग्न करून नवऱ्याबरोबर, अभिषेकबरोबर, न्यूझीलंडला निघाली होती. विमानतळावर बॅग जड भरली, तेव्हा श्यामलाने आधी मलाच बाहेर ओढलं. शकुताईंनी मला परत आत कोंबलं आणि तिची इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं काढून स्वतःच्या पिशवीत टाकली. “पुस्तकं तिथे मिळतील, ही नाही मिळायची,” असं म्हणाल्या. पुस्तकांपेक्षा मला मान मिळाला तो त्या एकाच दिवशी.

पुढे स्वरदा झाली. माझी चौघडी करून तिला माझ्यावर निजवत. धुऊन धुऊन मी मऊ झाले होते. माझा एक कोपरा तोंडात धरल्याशिवाय तिला झोप लागत नसे. चोखून चोखून त्या कोपऱ्याचा रंग उडाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या नक्षीपेक्षा मला तो फिका कोपराच आवडायचा.

पाच वर्षांची झाल्यावर स्वरदा जवळच्या शाळेत जाऊ लागली. इथल्या मुलांसारखी अनवाणी पळायची, गुडघ्यांवर चिखल घेऊन घरी यायची. शाळेत पाढे नव्हते, घरचा अभ्यास नव्हता. टीचर म्हणायच्या, मजेत आहे, खूप छान चाललंय. श्यामलाही मजेत होती. मग एका रविवारी पुण्याहून तिच्या वहिनीचा, विभावरीचा, व्हिडिओ कॉल आला.

विभावरीचा वेदांत स्वरदाच्याच वयाचा. त्याने कॅमेऱ्यासमोर हाताची घडी घालून तेराचा पाढा म्हटला. मग विभावरीने स्वरदाला विचारलं, “तुला कितीपर्यंत येतात गं?” स्वरदाने हसून आपला पडलेला दात दाखवला. सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण फोन ठेवल्यावर श्यामला घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

अभिषेक ऑकलंडमधल्या पेनरोजला नोकरीला. त्याने समजूत घातली, की इथली सगळी मुलं अशीच शिकतात आणि मोठी होऊन चांगली निघतात. श्यामला म्हणाली, “इथली मुलं इथलीच आहेत. हिला दोन्हीकडे उभं राहायचंय.”

तिने नोकरी सोडली. लेकीला घरीच शिकवायची सरकारी परवानगी काढली. त्यासाठी शाळेइतकंच चांगलं आणि शाळेइतकंच नियमित शिकवीन असं लिहून द्यावं लागतं. इथल्या इतर आया तो शब्द आपापल्या परीने घेत. श्यामलाने तो जिवाला लावून घेतला.

घरात टेबल एकच, जेवणाचं. आणि शकुताईंची शिकवण अशी की खरकट्यावर वही ठेवायची नाही. श्यामला एरवी फारसं काही पाळत नाही, पण हे तिच्या हाडात मुरलेलं. न्याहारी झाली की ती टेबल दोनदा पुसायची. तरी मन मानेना. मग तिने सोफ्यावरून मला उचललं आणि टेबलावर अंथरलं. स्वरदाला म्हणाली, “ही घातली की शाळा. काढली की घर. शाळेत मी टीचर, घरात आई.” स्वरदाला तो खेळ वाटला. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू?

वास्तविक लिहायला मी अगदी कुचकामी. माझ्यावर कागद ठेवून पेन्सिल टेकवली की ती आरपार जायची. मग श्यामलाने एक गुळगुळीत फळी आणली. फळीखाली मी, फळीवर वही, वहीवर स्वरदाची मान.

पहिली पुस्तकं पुण्याहून आली, वेदांतचीच. त्यांतल्या गणितांत आंबेवाले आणि बसचे कंडक्टर होते. स्वरदाने दोघांनाही कधी पाहिलं नव्हतं, म्हणून श्यामला आधी आंबेवाला समजावून सांगायची आणि मग गणित. ती पुस्तकं जमेनात म्हणून महागडा रंगीत संच मागवला. त्यात चौकोन आखून गणितं सोडवायची होती. मग कंप्युटरवरचे धडे आले. दुपारच्या वेळी श्यामला माझ्यावर कोपरं टेकून पुढचा अभ्यासक्रम शोधत बसायची. दुसऱ्या आयांची मुलं काय शिकतायत ते वाचायची आणि तिचा चेहरा उतरायचा. प्रत्येक नवीन खोका उघडताना ती आनंदात असायची. तो आनंद फार टिकत नसे.

मधे एक टर्म मात्र फार सुंदर गेली. मुलांना घरीच शिकवणाऱ्या आया बुधवारी पार्कात जमत, त्यांतल्या एकीने तिला सांगितलं, की पुस्तकं मिटून ठेव आणि मुलीला घेऊन ओढ्यावर जात जा. दोघी रोज गमबूट घालून जायच्या. पुकेको पक्ष्याचे लाल पाय कागदावर रंगवायच्या, हाराकेके नावाच्या झुडपाची लांब, चिवट पानं आणून माझ्यावर पसरायच्या. तीनेक पानं विणून स्वरदाने वेडीवाकडी टोपली केली, आणि आईला न विचारता तिच्या कडा मोजून गुणाकार केला. त्या दिवसांत ती बोलायची किती! मी टेबलावर होते, तरी घर चालू आहे असंच वाटायचं.

तेवढ्यात वेदांतला कुठल्याशा परीक्षेत पदक मिळालं. फोटो आला. दुसऱ्या सकाळी टोपली खिडकीत गेली आणि माझ्यावर पुन्हा फळी आली.

त्यानंतर मी हळूहळू टेबलावरून उतरेनाशी झाले. आधी दुपारच्या जेवणाला मला काढायचे. मग अर्धी दुमडू लागले. मग स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या जेवायची सवय लागली. अभिषेक संध्याकाळी यायचा, टेबलाकडे बघायचा आणि ताट घेऊन सोफ्यावर बसायचा. एकदा तो हळूच म्हणाला, की जेवायला तरी टेबल मोकळं करूया. श्यामला म्हणाली एवढं प्रकरण संपू दे. ती काही दुष्ट नव्हती. ती घाबरलेली होती. आपल्यामुळे पोर मागे राहिली तर, या एका विचाराने तिची झोप उडाली होती. पण मुलांना भीती दिसत नाही, त्यांना चढलेला आवाज ऐकू येतो.

स्वरदाच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी श्यामला माझ्यावरच्या सुरकुत्या तळहाताने साफ करायची, तो आवाज आला की पोर बाथरूममध्ये जाऊन बसायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठलं?

मग आला तो जुलैमधला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला दिवस. बाहेर पाऊस आणि बोचरा वारा. स्वरदाला सणकून ताप होता. ती सोफ्यावर कुडकुडत पडली होती. तिचं ब्लँकेट वॉशिंग मशीनमध्ये होतं. श्यामलाने इकडेतिकडे पाहिलं, मग फळी आणि पुस्तकं बाजूला सारली आणि मला ओढून घेतलं. किती वर्षांनी! मी तिच्या अंगावर पसरले. तेच अंग, फक्त लांब झालेलं. श्यामलाने तो फिका कोपरा नेमका तिच्या गालाशी आणला. माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं, की मागचं सगळं मी त्या क्षणी माफ केलं.

स्वरदाने डोळे उघडले. तिने मला पाहिलं. तशीच धडपडत उठून बसली, केस मागे सारले आणि उशीवर हात फिरवून पेन्सिल शोधू लागली.

“ओके, ओके. आय अ‍ॅम अप,” ती म्हणाली. “विच बुक, टीचर?”

 श्यामलाने तिला जवळ घेतलं. “बाळा, मी आई आहे. आई आहे गं मी,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. स्वरदा मान हलवत होती, पण तिचा हात अजून पेन्सिलच शोधत होता.

पुढच्या टर्मला स्वरदा शाळेत गेली. टेबल मोकळं झालं. त्यावर आता वरण सांडतं, पापडाचा चुरा पडतो, वेदांतचा फोन आला तरी कुणी पाढे विचारत नाही. पोटदुखी थांबली. श्यामलाने हट्टाने सगळे खोके देऊन टाकले. ओढ्याकाठची ती टोपली तेवढी खिडकीत आहे, वाळून भुरी पडलेली.

मला मात्र कुठे ठेवावं हे कुणाला कळेना. एका थंड संध्याकाळी श्यामलाने मला स्वरदाच्या पायथ्याशी घडी करून ठेवलं. स्वरदा रागावली नाही, रडली नाही. तिने मला उचललं, बाहेर आणलं आणि टेबलावर नीट अंथरलं. सुरकुत्यासुद्धा काढल्या. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. श्यामला ते बघत उभी होती. तिने मला गोळा करून या कपाटात आणून ठेवलं.

आता दुपारी घरात कुणी नसताना श्यामला कधी कधी मला बाहेर काढते. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपते आणि मला डोक्यावरून ओढून घेते. तो फिका कोपरा मुठीत धरते. मी तिला जमेल तेवढी ऊब देते. शकुताईंनी मला हिच्यासाठीच तर आणलं होतं. मग तीन वाजून जातात, शाळेतून येणाऱ्या मुलांचा गलका रस्त्यावर ऐकू येतो, आणि ती दचकून उठते. भराभर माझी घडी घालते. पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून मला टॉवेलांच्या मागे सारते आणि दार लावते.

माझं मागणं मोठं नाही. स्वरदा मोठी होईल. कधीतरी कडाक्याच्या थंडीत हेच कपाट उघडेल आणि काहीतरी पांघरायला शोधत तिचा हात माझ्यापर्यंत येईल. तेव्हा तिला पुस्तक आठवू नये, फळी आठवू नये. मी एक चादर आहे, एवढंच तिला आठवावं.