मांजर हे कारण नाही

लोकांना वाटतं, मला दुसऱ्यांच्या खिडक्यांवर नोटिसा चिकटवायला आवडतं. आवडतं कसलं डोंबल! मी स्वतः बोटीवर राहते. पण कालव्यावर नियम म्हणजे नियम. कायमची जागा घेतली नसेल तर एका ठिकाणी चौदा दिवस, मग बोट बांधायच्या खुंट्या काठावरून उपटायच्या आणि पुढे व्हायचं. नाही हललात तर रोजचा दंड, आणि तिसऱ्या नोटिशीला परवानाच रद्द. परवाना गेला की बोट गेली, म्हणजे घरच गेलं. ऑडलेम गावाच्या खालच्या वळणावर हे सगळं बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

विल्फ ट्रँटरच्या दोन नोटिसा आधीच झालेल्या. हिवाळ्यात म्हाताऱ्याचा गुडघा धरला होता, पण तसं कळवेल तर तो विल्फ कसला! आता पुन्हा चौदा दिवस भरत आले, तरी त्याच्या दोऱ्या जागच्या जागी. मी बघायला गेले तर हा काठाच्या कुंपणात वाकून उभा, हातात सार्डिन मासळीचा डबा.

"टॅन्सी आली नाही अजून," म्हणाला.

टॅन्सी त्याची मांजर. बायको गेल्यापासून तो दिवसभर तिच्याशीच बोलतो. मी जाता-येता ऐकलंय, तिला निवडणुकीतलं सगळं समजावून सांगत असतो.

"विल्फ, उद्या हलावं लागेल हो."

"बोट हलली तर तिला घर कसं सापडणार? मांजर काय नकाशा बघते?"

मी कचेरीत फोन लावला. आजारपण चालतं, इंजिनाचा बिघाड चालतो, कालवा गोठला तरी चालतं. पलीकडची मुलगी बिचारी गोड आवाजात म्हणाली, "मांजर हे कारण नाही."

"मग इंजिन बिघडलंय म्हणा," मी विल्फला सुचवलं. "मी काही उघडून बघत नाही."

उभा जन्म इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस तो. असा भडकला म्हणून सांगू! "माझं इंजिन? जन्मात बिघडलं नाही ते! त्याच्यावर असला आळ घेऊ नकोस, पोरी."

"अहो, घर जाईल तुमचं!" मी ओरडलेच.

तसा तो गवतात मटकन बसला आणि बाहीने डोळे पुसायला लागला. मला अगदी भडभडून आलं.

"हे बघा," मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुलापलीकडे. तुमच्या जागेवर मी माझी बोट आणून बांधते. तुमचा एक स्वेटर द्या, न धुतलेला, वासावर तरी येईल ती."

"धुतलेला आहेच कुठे," विल्फ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गेला, दर दोन हातांवर मागे वळून बघत. मी त्याच्याच खुंट्यांच्या भोकांत माझ्या खुंट्या ठोकल्या आणि स्वेटर टपावर पसरला. तो रोज काठी टेकत यायचा, डबा वाजवत कुंपणभर हाका मारायचा आणि तसाच परत जायचा. शेजारचे बोटवाले मला चिडवायचे, "काय गं, म्हाताऱ्याचे कपडे वाळवतेस, लग्नाचं जेवण कधी?" मी म्हणायचे, "तुमचे दिवस किती झाले ते मोजू का?" की सगळे आपापल्या बोटींत पळायचे.

माझेही चौदा दिवस भरले. मांजरीचा पत्ता नाही.

"पुरे झालं, पोरी," विल्फ म्हणाला. "जा आता. आपली टॅन्सी काही येत नाही."

ते "आपली" ऐकून माझ्याच्याने कुठलं जाववतंय! सकाळी नोटीस काढली, तिच्यावर माझ्याच बोटीचं नाव घातलं आणि माझ्याच खिडकीवर चिकटवली. लोकांना लावते, मग मला काय सोनं लागलंय?

त्यानंतर एका संध्याकाळी मी चहा ओतत होते, तर टपावर धप्पकन आवाज झाला. बाहेर येऊन बघते तो टॅन्सी! अंगाची काडी झालेली, एक कान फाटलेला, आणि स्वेटर पंजांनी तुडवत बसलेली. मी हातसुद्धा लावला नाही, नुसता विल्फला फोन केला. तो गुडघा घेऊन धावत आला हो, अक्षरशः धावत. तिला स्वेटरसकट उराशी धरून कितीतरी वेळ उभा राहिला.

जाताना त्याला खिडकीवरची नोटीस दिसली. चष्मा लावून त्याने ती शेवटपर्यंत वाचली.

"वेडे," तो म्हणाला, "इंजिन बिघडलंय म्हणायचं होतंस की."

"माझं इंजिन?" मी म्हटलं. "जन्मात बिघडलं नाही ते!"