नानांचा कीबोर्ड मेलबर्नला राहतो

मी एक जुना कीबोर्ड आहे. मराठीत मला कळफलक म्हणतात असं शासनाचं म्हणणं आहे, पण त्या नावानं मला अजून कोणी हाक मारलेली नाही. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता तो ताक आणि चहा यांच्या मध्ये कुठेतरी आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात थोर प्रसंग फार नाहीत. पण मला मालक चांगला मिळाला. पुण्यात पाच वर्षं काढून असं म्हणता येणं, ही साधी गोष्ट नव्हे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण मी लगेच खोक्यात गेलो. डोळे उघडले ते थेट तपकीर गल्लीतल्या एका दुकानात, दोन हजार चार साली. समोर गोपाळकृष्ण बेहेरे उभे होते. शनिवार पेठेत त्यांना सगळे नाना म्हणत.

"हा किती वर्षं टिकेल?" नानांनी विचारलं.

"काका, कॉम्प्युटर आधी जाईल," दुकानदार म्हणाला.

"मग कॉम्प्युटर कशाला घेऊ? हाच द्या."

शेवटी त्यांनी दोन्ही घेतले. दुकानदाराचं म्हणणं पुढे खरं ठरलं. एकामागून एक दोन कॉम्प्युटर गेले, मी आहे.

नानांनी अडतीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली होती. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका लाल शाईनं काढायच्या, हे त्यांचं काम. स्वतःचं पुस्तक निघावं ही त्यांची इच्छा. पेठेतल्याच सीतारामपंत प्रकाशकांकडे त्यांनी तीनदा हस्तलिखित दिलं आणि तीनदा ते परत आलं. चिठ्ठी दर वेळी तीच असायची: 'आपलं शुद्धलेखन निर्दोष आहे.'

नानांच्या पत्नी उल्काताई बालवाडीत शिकवत. माझ्या इंग्रजी अक्षरांवर त्यांनी मराठी अक्षरांचे बारीक बारीक कागद चिकटवले. चार दिवस त्या माझ्यापुढे बसून होत्या. इतक्या मायेनं मला त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. आणि त्यानंतर नानांना माझ्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डवर लिहिता येईना.

त्यांची मुलगी तनया तेव्हा हिंजवडीला नोकरी करायची. सकाळी कंपनीच्या बसनं जायची आणि दमून परत यायची. एका रविवारी तिनं नानांना ब्लॉग काढून दिला.

"बाबा, इथे लिहायचं आणि हे बटण दाबायचं. झालं प्रसिद्ध."

"मध्ये कोणी वाचत नाही?"

"नाही."

"प्रूफं?"

"नाही हो बाबा."

नाना गंभीर झाले. एवढी मोकळीक त्यांना सोसणारी नव्हती. त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली. लेख लिहायचा, कागदावर छापून घ्यायचा, लाल शाईनं तपासायचा, चूक दुरुस्त करायची आणि मगच बटण दाबायचं. एकदा दाबलं की विषय संपला. छापलेलं मागे घेता येत नाही, हा त्यांचा छापखान्यातला धर्म होता.

पुढे तनयाचं लग्न झालं आणि कंपनीनं तिला मेलबर्नला पाठवलं. जावई आमोदनंही तिकडेच नोकरी धरली. दोन हजार नऊच्या जून महिन्यात नाना आणि उल्काताई सहा महिन्यांसाठी लेकीकडे निघाले. लोकरीच्या धाबळीत गुंडाळून, बॅगेत घालून त्यांनी मलाही नेलं.

ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर आत येणाऱ्या खाण्यापिण्याची फार कसून चौकशी होते. 'खाद्यपदार्थ नाहीत' असं नानांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. तिथल्या बाईंनी मला उचललं, उलटं केलं आणि हलकेच थोपटलं. टेबलावर चिवड्याचे पोहे, शेंगदाण्याची सालं, बडीशेप आणि मोहरीचे तीन दाणे पडले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. नानांनी त्यांना सांगितलं की हे अन्न नव्हे, हे साहित्य आहे. त्यांनी ते साहित्य एका पिशवीत भरून जप्त केलं.

हा नानांचा ऑस्ट्रेलियातला पहिला लेख. तो खूप वाचला गेला, आणि मग नाना सुटलेच. तिथले लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात. नानांनी लिहिलं, 'स्वारगेटला मी असे म्हणालो असतो, तर ड्रायव्हरने बस थांबवून माझी प्रकृती विचारली असती.' वसंत ऋतू आला की तिथे मॅगपाय नावाचे काळेपांढरे पक्षी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालतात. पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चाला गेलेले नाना तिकडे हेल्मेट घालून पायी भाजी आणायला जाऊ लागले. तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

मित्रांनो, ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. मी रोज दोन तास वाजत होतो.

मग तो लेख आला. मेलबर्नला तनया राहते त्या भागात वर्षातून ठरावीक दिवशी लोक नको असलेलं सामान घराबाहेर ठेवतात, आणि नगरपालिका ते उचलून नेते. त्याआधी कोणाला काही हवं असेल, तर तो खुशाल घेऊन जातो. तनयाच्या घरातला सोफा, जेवणाचं टेबल आणि उभा दिवा हे सगळं असंच रस्त्यावरून आलेलं आहे, हे नानांच्या लक्षात आलं. त्यांनी त्या सोफ्यावर बसून, मला मांडीवर घेऊन 'रस्त्यावरून आलेला दिवाणखाना' हा लेख लिहिला. इंजिनियर मुलगी आणि इंजिनियर जावई कसे कचऱ्यातून घर सजवतात याचं वर्णन. लेख फर्मास होता, हे मी कबूल करतो. मीच लिहिला होता.

सत्तेचाळीस प्रतिक्रिया आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खुद्द सीतारामपंतांची ई-मेल आली. 'पुस्तक करू. सुरुवात दिवाणखान्याच्या लेखाने.' नानांनी ती उल्काताईंना दोनदा वाचून दाखवली. ऐकताना त्या भाजी निवडत होत्या, पण दुसऱ्यांदा त्यांनी हात थांबवला.

त्याच संध्याकाळी तनया ऑफिसातून आली, ती बूट न काढताच समोर उभी राहिली.

"बाबा, तो लेख काढा."

"का गं? लोक हसतायत."

"हो ना. माझ्या सासूबाई सोडून सगळे. त्यांचा पुण्याहून फोन आला होता. उचलून आणायची वेळ आलीय का तुमच्यावर, म्हणून विचारत होत्या."

"छापलेलं काढता येत नाही, तनू. फार तर शुद्धिपत्र जोडू."

"हा छापखाना नाहीये, बाबा." मग तिचा आवाज खाली आला. "आमोदची नोकरी मार्चमध्येच गेली. मंदी आहे. तो सकाळी बॅग घेऊन जातो ना, तो लायब्ररीत जाऊन बसतो, अर्ज करतो. पुण्यात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही काळजी कराल म्हणून तुम्हालाही नाही. हा सोफा आम्ही दोघांनी अर्धा किलोमीटर उचलून आणला. मला सारखं रडू येत होतं. तुम्ही त्याच्यावर बसून लेख लिहिलात."

नानांनी सोफ्याकडे पाहिलं आणि ते त्यावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नाना आणि उल्काताई दोघंच होती. नाना माझ्यापुढे नुसते बसून राहिले.

"पंतांना काय सांगू?" ते म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हो म्हणालाय तो माणूस."

"अहो," उल्काताई म्हणाल्या, "लोकांच्या चुका जन्मभर काढल्यात. आपली एक काढायला किती दिवस लागतात?"

"लेख चुकीचा नाहीये गं. एक अक्षर चुकलेलं नाही."

"अक्षर नसेल चुकलं."

मग नानांचा हात माझ्यावर आला.

खरं तर ब्लॉगवरचा लेख एका टिचकीत काढता येतो. पण नानांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी लेख उघडला आणि शेवटच्या पूर्णविरामापासून उलटं एकेक अक्षर खोडायला घेतलं. सोफा गेला, टेबल गेलं, दिवा गेला. मधूनच एखाद्या विनोदापाशी त्यांचं बोट थांबायचं, पण ते पुन्हा खाली यायचं. जेवणाची वेळ झाली तेव्हा ते शीर्षकाशी पोचले होते. खोडायची माझी कळ त्या दिवशी खचली, ती कायमची.

ते कोरं पान तनयानं संध्याकाळी उडवलं, प्रतिक्रियांसकट. त्या जागी नानांनी तीन ओळी टाकल्या: 'एक लेख मागे घेतला आहे. कारण तांत्रिक नाही, लेखकाची चूक आहे. वाचकांनी हसू परत करण्याची आवश्यकता नाही.'

सीतारामपंतांनाही त्यांनी तसंच कळवलं. पंतांच्या उत्तरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, कारण उत्तरच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमोद नेहमीप्रमाणे बॅग घेऊन निघाला. नाना दारात हेल्मेट घालून तयार होते.

"आमोदराव, त्या लायब्ररीत मराठी वर्तमानपत्र येतं का हो?"

आमोदनं बॅग या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "नाही येत, बाबा."

"मग इंग्रजी चालेल. चला."

त्या दिवसापासून दोघं बरोबर जाऊ लागले. आमोदच्या अर्जांची प्रूफं नाना तपासत. ऑक्टोबरच्या शेवटी त्याला नोकरी लागली. अर्ज निर्दोष होता म्हणून लागली, असं नानांचं मत आहे. आमोदनं ते कधी खोडून काढलेलं नाही.

परत निघताना तनया म्हणाली, "बाबा, कीबोर्ड राहिला."

"राहू दे. तुला लिहायला होईल."

असा मी मेलबर्नकर झालो. पहिलं वर्षभर माझ्यावर धूळ साचली. मग एका सुट्टीच्या दुपारी तनयानं मला कोरड्या फडक्यानं पुसलं आणि लिहायला बसली. लेखाचं नाव होतं, 'लायब्ररीत जाणारे दोन पुरुष'. त्यात हेल्मेट होतं, नोकरी जाणं होतं, आणि सबंध सकाळभर एकेक अक्षर खोडणारा एक बाप होता. लिहून झाल्यावर तिनं तो आधी आमोदला वाचून दाखवला. तो हसला, आणि मग खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"पाठव बाबांना," तो म्हणाला.

आठवड्यानं प्रूफ कुरियरनं परत आलं. पहिल्याच परिच्छेदात एक स्वल्पविराम हलवलेला होता. बाकी कुठे लाल खूण नव्हती. शेवटी लाल शाईत लिहिलं होतं, 'छापण्यास हरकत नाही.' तनयानं तो कागद माझ्यावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. मला चिकटवणारे हात मिळाले, वाजवणारे मिळाले, पुसणारेही मिळाले. माझ्या तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. आमच्यासारख्यांना पुसताना ओलं फडकं घेऊ नका. आणि घरातल्या माणसाबद्दल लिहिलंत, तर जगाला दाखवायच्या आधी त्याला एकदा वाचून दाखवा. तो हसला नाही, तर खोडायची कळ आहेच. माझी जरा जोरात दाबावी लागते, पण चालते.