सातव्या आजोबांचा फोटो

मानवजातीने मृत्यूवर पहिला निर्णायक विजय मिळवला तो आमच्या कारा-तोकोय गावात, बाजारच्या दिवशी, सकाळी. दुपारी वीज गेली आणि मृत्यू पुन्हा जिंकला. वीज येईपर्यंत मेलेल्यांना थांबावे लागेल, असे सागिनालीने दारात येऊन जाहीर केले, तेव्हा अंगणातली गर्दी चहाच्या किटल्या आणि पेले काढून निवांत बसली. मेलेली माणसे दोनशे वर्षे थांबली होती, आणखी तासभर थांबायला त्यांची हरकत नसावी.

गर्दी मात्र खरीच मोठी होती. वरच्या कुरणांवरून माणसे घोड्यावर बसून आली होती, एक कुटुंब तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आजारी आत्याला गादीसकट घेऊन आले होते. प्रत्येकाला आपल्या सातव्या पूर्वजाचा चेहरा पाहायचा होता.

आमच्याकडे पोराला चालता यायच्या आधी सात बापांची नावे पाठ होतात. बाप, आजोबा, पणजोबा, असे थेट सातव्यापर्यंत. ज्याला ती येत नाहीत त्याला आम्ही माणसात धरत नाही, आणि सातांच्या आत ज्यांचा पूर्वज एक, त्यांचे लग्न लावत नाही. नावे अशी सगळ्यांकडे होती. चेहरे कोणाकडेच नव्हते. ही उणीव सागिनालीने ओळखली.

सागिनाली शहरात काही वर्षे कपांवर आणि बनियनांवर फोटो छापायच्या दुकानात होता. तिथून परतला तो दाढी घेऊन. त्याचे डोळे उघडले आहेत, त्याला पलीकडचे दिसते, असे लोक म्हणू लागले. त्याआधी त्याचे डोळे बहुतेक वेळ मिटलेले असत, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे फरक लगेच जाणवला.

त्याची पद्धत साधी होती. कुटुंबाने नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड गालिच्यावर बसायचे, सात नावे म्हणायची. मग तो डोळे मिटून विचारायचा, सातवा कसा होता? शिकारी? लोहार? लढवय्या? घरच्यांनी सांगायचे. आळशी पूर्वज कोणाचाच नव्हता, बहुतेकांच्या हातावर शिकारीचा गरुड होता. मग सागिनाली मोबाइल घेऊन लोकरीच्या पडद्यामागे जायचा, पुटपुटायचा, आणि थोड्या वेळाने पडद्यामागून घरघर ऐकू येऊन कागदावर पूर्वज बाहेर यायचा. तो हाताला गरम लागे. आत्म्याची ऊब, असे सागिनाली सांगे. बायका तो कागद गालाला लावून रडत.

शंका काढणारे एक-दोघे निघालेच. त्या काळी कॅमेरा कुठे होता, असे एकाने विचारले. सागिनाली त्याच्याकडे दयेने पाहत म्हणाला, "नव्हता, म्हणूनच तर हा चमत्कार." एका पूर्वजाच्या मनगटावर घड्याळ होते. तिथे वेळ भरपूर असतो, त्यामुळे घड्याळे देतात, असे उत्तर मिळाले. आणि जवळपास प्रत्येकाच्या छातीवरून तिरकी, पांढरट, अर्धवट पुसल्यासारखी परकी अक्षरे गेलेली होती. तो पलीकडच्या जगाचा शिक्का. शिक्का नसलेला फोटो कोणी आणून दाखवला तर तो नकली समजा, अशी ताकीद त्याने देऊन ठेवली होती.

या सेवेबद्दल तो काही मागत नसे. फक्त मेंढीचे उकडलेले डोके मानाच्या पाहुण्याला देतात, ते त्याला रोज मिळू लागले. रोज दोन-तीन डोकी खाऊन तो हळूहळू त्यांच्यासारखाच दिसायला लागला होता.

आमच्या कबरस्तानात काळ्या दगडावर मेलेल्याचा चेहरा कोरतात. जुन्या कबरी बिचाऱ्या बिनचेहऱ्याच्या होत्या. आता दगड कोरणाऱ्या जापारच्या अंगणात दगडांची रांग लागली. जापार कामाला पक्का. जे कागदावर, ते दगडावर. ती तिरकी अक्षरे तर तो सगळ्यात जपून कोरायचा, भिंगातून बघून.

घोळ झाला तो त्याच्याच अंगणात. एके दिवशी नवीन चेहरा कोरताना त्याच्या लक्षात आले की हात न बघताच चालतो आहे. डाव्या गालावरची चामखीळ कुठे येणार, हे छिन्नीला आधीच माहीत होते. त्याने शेजारचा दगड वळवून पाहिला. तोच माणूस, तीच चामखीळ, तेच मिश्कील डोळे. एक दगड विधवा कुमुश अपाच्या घराचा, दुसरा मेदेरच्या घराचा. (वयाने मोठ्या बाईला आम्ही अपा म्हणतो, पुरुषाला बाइके.)

आता हे साधे नव्हते. कुमुश अपाचा नातू तालाय आणि मेदेरची मुलगी बुरुल यांचे ठरलेले होते. ठरल्याची खूण म्हणून अपाने स्वतःच्या हाताने बुरुलच्या कानात डूल घातले होते, मेंढ्या निवडून झाल्या होत्या, शरद ऋतूत लग्न. आणि दोन्ही घरांचा सातवा पूर्वज एक निघाला.

नावे वेगळी होती. अपाकडचा बोतोकान, मेदेरकडचा सारिबाय. दोनशे वर्षे दोन्ही घरांतली पोरे ही नावे घोकत आली होती. अपा आणि मेदेरने सागिनालीला गाठले. एकच फोटो दोन घरांना दिला गेला, हे त्याने कबूल करणे शक्य नव्हते. त्याने बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, माणूस एकच. बायका दोन होत्या, म्हणून नावेही दोन.

कुमुश अपाने दुसऱ्या दिवशी येऊन बुरुलच्या कानातले डूल काढले. सात पिढ्यांपुढे माझं काय चालतं, एवढेच म्हणाली.

तालाय शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बुरुल आमच्या शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना पाण्याचा उत्कलनबिंदू सांगून ती बाहेर आली.

"आपण भाऊबहीण झालो म्हणे," तालाय म्हणाला.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"मग तू अजून रडतोयस कशाला? भावाने बहिणीसाठी एवढं रडू नये, लोक बोलतील. तो फोटो आण इकडे."

तालाय तो घेऊन आला. बुरुलने मोबाइलने कागदाचाच फोटो काढला. शब्द लिहून चित्रे शोधतात, तसे चित्र देऊन चित्र शोधता येते. आपण विचारायचे, हा गृहस्थ आणखी कुठे दिसतो? आणि इंटरनेट मुकाट्याने जगभरातली त्याच्यासारखी चित्रे पुढे मांडते. बुरुलच्या मोबाइलवर सातवे आजोबा ओळीने उभे राहिले. डॉक्टरच्या पांढऱ्या कोटात. कोशिंबिरीची वाटी हातात घेऊन एकटेच खदखदा हसताना. गुडघ्याला मलम चोळताना. आणि व्यायामाच्या सायकलवर, कपाळाला घामाची पट्टी बांधून, अंगठा वर करून.

पुढच्या बाजारच्या दिवशी बुरुल हे सगळे घेऊन सागिनालीच्या अंगणात गेली. मीही गेलो. अशा ठिकाणी मी जागा धरूनच बसतो.

गर्दीने मोबाइल हातोहात फिरवला. माझी अपेक्षा होती की आता दगड उडतील. उसळला तो अभिमान. मेदेरकडच्या एका चुलत्याने सायकलवरचे आजोबा बघून छाती फुगवली. मला वाटलंच होतं, म्हणाला, आमच्या घरात कोणाचे गुडघे दुखत नाहीत. अपाच्या बाजूने कोणी तरी म्हणाले, डॉक्टर आमच्या बाजूचे, सायकलवाले तुमच्या. यावरून बाचाबाची सुरू झाली. सागिनालीने दोन्ही हात वर केले. आत्मा रूपे बदलतो, त्यात नवल काय, असे म्हणून त्याने समोरच्या मेंढीच्या डोक्यातला डोळा काढून तोंडात टाकला.

बुरुलने आवाज चढवला नाही. ती कुमुश अपासमोर जाऊन बसली.

"अपा, तुमच्या माहेरची सात नावं तुम्हाला येतात ना?"

"येतात का म्हणजे? तुझ्या सासऱ्याला मी ती पाळण्यात..." अपा अडखळली, कारण लग्न मोडल्यामुळे तो आता बुरुलचा सासरा राहिला नव्हता.

"मग आज फक्त नावं सांगा. सातवा कसा होता, काय करायचा, काहीही सांगू नका. सागिनाली बाइकेंना दिसतंच आहे की."

हे सगळ्यांनाच पटले. अपाने माहेरची नावे म्हटली आणि ओठ मिटले. सागिनाली वाट पाहत राहिला. शिकारी होते का, त्याने सुचवून पाहिले. अपा गप्प. लोहार असावेत, मला ऐरणीचा आवाज येतोय. अपाने भुवईसुद्धा हलवली नाही. दाढी होती का एवढं तरी सांगा, तो जवळजवळ गयावया करू लागला. गर्दीतून कोणी तरी म्हणाले, डोळे तुझे उघडलेत की आमचे?

सागिनाली पडद्यामागे गेला. या वेळी पुटपुटणे फार लांबले. अखेर घरघर झाली आणि गरम कागद घेऊन तो बाहेर आला. कागदावर एक तरुण होता. अंगावर कपडा जवळजवळ नव्हता. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, गळ्यात पदक, मागे निळी टाइल.

"तारुण्यातले," सागिनाली म्हणाला.

कुमुश अपाने कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"आमच्या माहेरच्या नदीला घोट्याएवढं पाणी असतं," ती म्हणाली. "हा पोहला कुठे?"

बुरुल उठली आणि तिने लोकरीचा पडदा बाजूला केला. मागे छपाईचे यंत्र आणि सागिनालीचा मोबाइल. मोबाइलवर अपाच्या सातव्या पूर्वजाचे नाव लिहिलेले, खाली त्याच नावाच्या पोहणाऱ्यांची, वकिलांची आणि एका न्हाव्याची चित्रे. बुरुलने तो मोबाइल अपाच्या तोंडाजवळ धरला आणि सांगितले, आता बोला, गरुड घेतलेला म्हातारा.

अपा बोलली. मोबाइलभर म्हातारे आणि गरुड आले. गर्दी पुढे सरकली.

"अरे, तिसऱ्या ओळीत आमचे!"

"त्यांच्या शेजारी आमचेच की. मेले तेव्हापासून भेटले नसतील."

जापारने मान वाकवून एकेकाला ओळखले. त्याने सगळ्यांना कोरले होते. बुरुल सांगत गेली. हे लोक जिवंत आहेत, निरनिराळ्या देशांतले आहेत, फोटो काढून घेणे हा त्यांचा धंदा आहे. घरच्यांनी जे सांगितले ते सागिनाली लिहायचा, जे समोर येई ते छापायचा. आणि छातीवरची ती तिरकी अक्षरे फोटोच्या मालकाची. फुकट कोणी उचलू नये म्हणून तो टाकतो. त्यांचा अर्थ एवढाच, की आम्हाला विचारल्याशिवाय वापरू नका.

जापार खाली बसला. हे वाक्य त्याने निम्म्या कबरस्तानावर ग्रॅनाइटमध्ये कोरले होते.

सागिनाली म्हणाला, चूक माझी नाही, इंटरनेटची आहे. मग त्याने उरलेले डोके फडक्यात बांधले आणि तो मागच्या दाराने गेला. आता पलीकडच्या खोऱ्यात तो हरवलेली गुरे शोधून देतो असे ऐकतो. गुरांचे चेहरे सारखेच असल्यामुळे त्याचे बरे चालले असावे.

सायकलवाल्या आजोबांचा पत्ताही बुरुलने काढला. ते अल्माटी शहरातले निवृत्त बसचालक निघाले. बोतोकान वेगळा, सारिबाय वेगळा, आणि हे दोघांचेही कोणी नव्हेत.

माझे म्हणणे थोडकेच आहे. चित्र बघून डोळे भरून आले, म्हणजे ते खरे ठरत नाही. ते कोणी काढले, कुठून आले, आपल्यापर्यंत कोणी आणले, हे आधी विचारा. कोणी चमत्कार दाखवू लागला तर त्याला काही सांगू नका. गप्प बसा आणि बघा, त्याला स्वतःहून काय दिसते. दोनशे वर्षे तोंडी जपलेली नावे आम्ही एका गरम कागदासाठी खोटी ठरवली आणि दोन तरुण माणसांना रडवले. आत्मे आले नव्हते. आम्ही प्रश्न विचारला नव्हता.

शरद ऋतू यायला वेळ होता, पण कुमुश अपाने वाट पाहिली नाही. त्याच आठवड्यात ती डूल घेऊन मेदेरच्या घरी आली आणि सगळ्यांसमोर तिने ते बुरुलच्या कानात पुन्हा घातले. म्हणाली, मी म्हातारी मूर्ख, पण तू शिकलेली आहेस, आता घरात असल्या थापा कोणी आणल्या तर पहिली मला अडव. सगळे हसले, बायकांनी डोळे पुसले, पुरुष मेंढीकडे वळले.

चहा ओतताना अपाने बुरुलला हळूच खिडकीपाशी ओढले. मी जवळच होतो, म्हणून ऐकू आले.

"तो अल्माटीचा बसवाला," अपा म्हणाली. "सायकलवर बसलेला. त्याची बायको आहे का, तेवढं बघतेस?"